चारमिनार नसलेला रुपया

लग्न होऊन तुळजापूरला आले तेव्हा वाटलं होतं, देवीच्या गावात सासर मिळालं, नवरात्रात घरात काय थाट असेल! कसलं काय. पहिल्याच नवरात्रात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घटाचं सगळं सामान उचललं आणि मागच्या गल्लीतल्या चुलत दिरांच्या घरी नेऊन घट तिथं बसवला. मी विचारलं, "आपल्या घरी का नाही?"

"हे घर कुठं आपलं हाय? गहाण पडल्या घरात देवी बसवू व्हय मी?"

घर म्हणजे दोन खोल्या आणि न्हाणी. नणंदेच्या लग्नासाठी सासऱ्यांनी ते निजामाच्या राज्यात गावातल्या एका कापडदुकानदाराकडं गहाण टाकलं, आणि पाठोपाठ स्वतःच गेले. मुद्दल-व्याज मिळून सातशे फेडायचे ठरले होते. आमचे हे तहसीलमध्ये कारकून. नोकरी कायम झाली, तसे महिन्याला दहा रुपये भरू लागले. म्हणजे जवळजवळ सहा वर्षं. पण आत्याबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, गेलेली नजर येत नाही, उरलेली हळूहळू जाईल. त्यांचं मागणं एकच होतं: दिसतंय तोवर आपल्या घरात बसलेला घट बघायचा.

मग मी पदर खोचला. चहात साखरेऐवजी गूळ आला. भाजी आणायची ती बाजार उठताना. लोकांच्या शेवया करून दिल्या. ह्यांचं पान बंद केलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हटलं, नका बोलू, तेवढीच शांतता! आत्याबाई तर माझ्या वरचढ. दिवा लावला रे लावला की खाटेवरून आवाज यायचा, "वात कमी कर गं, तेल जळतंय." असं करत महिन्याचे तीन-चार रुपये जास्तीचे डब्यात पडायचे आणि हप्त्याबरोबर जायचे. दुकानदार म्हणायचा, "एवढी घाई कशाला? मी काय घर घेऊन पळतोय व्हय?" त्याला काय सांगायचं, घर नाही हो, नजर पळतेय.

हप्त्यांचं चौथं वर्ष सरत आलं. भाद्रपद संपत आला होता. एकशेदहा रुपये बाकी, म्हणजे अजून आठ महिने. हेही नवरात्र हातचं जाणार म्हणून माझी नुसती चिडचिड चालली होती. मी भाकऱ्या थापत होते, हे ताटावर बसले होते, आणि आत्याबाई डब्यातले रुपये बोटांनी चाचपत होत्या. आता त्यांना उजेड आणि सावल्या, एवढंच दिसायचं.

"ह्याच्यावर चारमिनार न्हाय गं," त्या म्हणाल्या.

"आता कुठला चारमिनार, आत्याबाई? निजाम गेला, त्याचा हाली रुपया गेला. आता सगळीकडं भारत सरकारचा कलदार."

"मग घर गहाण टाकून तुझ्या सासऱ्यानं तर चारमिनारवालेच आणले होते. म्या सोता मोजून ट्रंकेत ठेवले."

ह्यांचा घास हातातच राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे तेव्हा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही पाठ होतं. हे तर कचेरीत दिवसभर लोकांच्या जुन्या बाकीचे हालीचे कलदार करून द्यायचे! तसेच खरकट्या हातानं उठले. मीच ट्रंकेतून गहाणखत काढून पुढं धरलं. कागद उर्दूत. ह्यांची शाळा उर्दूतच झालेली, पण खाली वडिलांची सही होती, ती बघवायची नाही म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी तो एकदाही उघडला नव्हता. वाचता वाचता ते एका ओळीवर थांबले. "सातशे, सिक्का हाली."

सातशे हाली म्हणजे सहाशे कलदार. आमचे पाचशे नव्वद भरून झाले होते.

"दहाच राहिले," हे म्हणाले.

मी भडकलेच. "जगाचे हिशेब करता आणि घरचा नाही? काखेत कळसा नि गावाला वळसा!" बोलले खरी, पण तव्यावरची भाकरी करपली तरी माझं रडणं थांबेना. आत्याबाई विचारत होत्या, "काय झालं गं? कुणी सांगल का मला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारानं कागद दोनदा वाचला, कान खाजवला. "तुम्ही हालीच्या दहाला कलदार दहा दिले, मी दहा म्हणून घेतले," म्हणाला. त्याला आधी ठाऊक होतं की नव्हतं, ते देवीला माहीत. दहा रुपये घेऊन त्यानं गहाणखत परत दिलं.

त्या नवरात्रात घट आमच्या घरी बसला. मी नंदादीप लावला आणि आत्याबाईंना हाताला धरून समोर बसवलं. "दिसतेय का ज्योत?"

त्या ज्योतीकडं तोंड करून जरा पुढं सरकल्या. मग म्हणाल्या, "दिसतीय की. लई मोठी केलीस. वात कमी कर, तेल जळतंय."

"जळू द्या. आता घर आपलं आहे, तेलही आपलंच." त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा बघत बसल्या. मी आयुष्यात पुष्कळ सुखं बघितली, पण त्या दिवसाएवढी आनंदात मी कधीच नव्हते.

पुढच्या नवरात्रात मी तसाच दिवा लावला, तशाच त्या समोर बसल्या.

"लावलास का गं?"

मी त्यांचा हात धरून ज्योतीच्या उबेजवळ नेला.

"वात मोठी कर," त्या म्हणाल्या.