धोंडीराम पगारेंच्या भिंतीवरचे दोन पंप

मी स्वभावाने तापट. अंबडच्या कामगार वसाहतीत दवाखाना चालवून बावीस वर्षं झाली, आणि माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत पोचला नाही असा दिवस विरळाच. दम्याच्या पेशंटना मी एक छापील कागद देते. वरचा पट्टा हिरवा, मधला पिवळा, खालचा लाल. रोज सकाळी श्वासाचा जोर मोजायच्या मीटरमध्ये जोरात फुंकायचं, काटा थांबेल तो आकडा बघायचा आणि त्या रंगात लिहिलंय तसं वागायचं. एवढं सोपं. लोक तो कागद माझ्यासमोर नीट घडी घालून खिशात ठेवतात आणि घरी गेल्यावर त्यावर भजी निथळतात. मला त्याचा भयंकर राग यायचा.

धोंडीराम पगारेंनी कागद खिशात घातला नाही. मागून पुढून पाहिला आणि परत माझ्या टेबलावर ठेवला.

"मॅडम, हा चालणार नाय."

"का? काय झालं त्याला?"

"यावर सही नाय, तारीख नाय, माझं नाव नाय. पिवळ्यात दोन दिवस अडकलो तर कुणाला कळवायचं ते लिहिलेलं नाय. असला कागद आमच्याकडं मशिनवर लावला, तर ऑडिटवाला फाडून टाकील."

पगारे मूळचे सिन्नरकडचे. अंबडच्या एका कंपनीत एकतीस वर्षं माल तपासायचं काम. तयार झालेला नग गेजवर लावायचा, मापात बसला तर पास, नाही तर लाल पेटीत. दोन वर्षांपूर्वी दम्याने त्यांना पाच दिवस आयसीयूत टाकलं होतं. पुढच्या वेळी घरातून निघायला उशीर केलात तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे या माणसाचा जीव खरोखरच त्या कागदावर होता आणि तोच मला कागदातल्या चुका दाखवत होता. मी चिडले, आणि मग पेन उचललं. त्यांचे आकडे घातले, शेजारच्या मुस्तकीम रिक्षावाल्याचा नंबर घातला, तारीख टाकून सही केली.

महिनाभराने त्यांच्या बिल्डिंगमध्ये लसीकरणाला गेले होते. पगारेंच्या बायकोने, लताबाईंनी, हाताला धरून चहाला नेलं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी माझा कागद प्लास्टिकच्या पाकिटात टांगलेला. त्याच्याखाली एक फळी, फळीवर खिळे, आणि खिळ्यांमागे रंगाने काढलेले आकार. दम्याच्या निळ्या पंपाचा आकार, त्यावर पंप. मीटरचा आकार, त्यावर मीटर.

"हे काय?" मी विचारलं.

"कंपनीत पाने-पकडी असेच टांगतो आम्ही. आकार रिकामा दिसला की समजायचं, वस्तू कामावर गेलीय. शोधाशोध नाय करावी लागत."

मी चहा प्यायचा विसरले. माझ्या शेकडो पेशंटपैकी एकाच्याही घरात पंप एका जागी सापडत नाही. उशीखाली असतो, नाही तर फ्रिजवर, नाही तर पाहुण्यांच्या पिशवीतून गावाला गेलेला असतो.

फळीशेजारी तक्ता होता. रोजच्या आकड्याचं टिंब, आणि शेवटी 'तपासले' असा रकाना. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, हा पगारेंचा कंपनीतला नियम. लताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "साऱ्या घराची कंपनी करून टाकलीय यांनी."

आणि मग याच माणसाने एक घोळ घातला. तोही असा, की माल तपासणाराच घालू शकतो.

हिवाळ्यात एका सकाळी दोघं नवराबायको दवाखान्यात आले. पगारेंच्या हातात मीटर. "मॅडम, गेज बिघडला."

"कशावरून?"

"काल तीनशे ऐंशी दाखवत होता, आज दोनशे तीस. एका रात्रीत एवढा फरक पडत नसतो. गेजवर संशय आला की आमच्यात मास्टर लावून बघतात. मास्टर म्हणजे ज्याचं माप पक्कं असतं, असा नग. आता घरात लतापेक्षा पक्कं कोण? तिला कधी साधा ताप आलेला नाय. तिला फुंकायला लावलं तर एकशे साठ! म्हणजे गेजच गेला ना?"

मी कपाळावर हात मारला. "अहो, पिवळ्यात आलात की आधी पंप घ्यायचा! गेज कसले तपासत बसता?" त्यांना तिथेच पंप घ्यायला लावला आणि बडबडतच मीटर उचलून स्वतः फुंकलं. काटा चारशे वीसवर गेला. पुन्हा फुंकलं. चारशे वीस.

मीटर ठणठणीत होतं.

आम्ही दोघांनीही एकदमच लताबाईंकडे बघितलं. त्या नेहमीच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर नवऱ्याच्या फायलींची पिशवी. दोन वर्षं त्या त्याच स्टुलावर बसत आल्या होत्या. मी एकदाही त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला नव्हता. आता लावला आणि आतली शिट्टी ऐकून माझी मलाच लाज वाटली.

"जिना चढताना दम लागतो का?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबते जराशी. शेजारणीशी बोलते."

"बोलता की धाप टाकता?"

"वय झालं मॅडम. मला काय धाड भरलीय!"

पगारेंनी बायकोच्या मांडीवरची पिशवी स्वतःकडे घेतली. म्हणाले, "एकतीस वर्षं माल तपासतोय. घरातलंच माप बघितलं नाय कधी."

लताबाईंनाही दमाच निघाला आणि फळीवर दुसऱ्या पंपाचा आकार आला. लताबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे मात्र मोबाइलमुळे येतात. पगारेंनी त्यांच्या कागदावर पंपाच्या फवाऱ्यांची टिंबं काढली, लाल पट्ट्यात सहा टिंबं आणि पुढे एक रिक्षा. रिक्षा बैलगाडीसारखी दिसत होती. लताबाई रोज तक्त्यावर आपल्या आकड्याचं टिंब द्यायच्या, पगारे संध्याकाळी 'तपासले'मध्ये सही करायचे. लताबाईंचा आकडा हळूहळू तीनशेवर गेला, आणि दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण तक्रार करू लागली की लता आता थांबतच नाही.

एप्रिलमध्ये बिल्डिंगमध्ये वर्षाचं तिखट करायची गडबड होती. खालच्या गॅलरीत कुणी तरी मिरच्या भाजायला घेतल्या. दुपारची वेळ, पगारे कंपनीत, लताबाई एकट्या. ठसका दारातून आत आला आणि त्यांची छाती आवळली. पूर्वीच्या लताबाई असत्या तर खाली बसून राहिल्या असत्या, नवरा येईपर्यंत. या लताबाईंनी मीटर फुंकलं. एकशे तीस. पंप काढला, सहा फवारे घेतले, मुस्तकीमला मिस्ड कॉल दिला आणि पंप मुठीत धरून जिना उतरल्या.

मुस्तकीमने मला फोन केला. मी हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्यांना ऑक्सिजन लावला होता आणि धोका टळला होता. अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथला डॉक्टर म्हणाला. पाचच मिनिटांत पगारे आले, अंगावर कंपनीचाच शर्ट.

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"कुणी नाय. शिफ्ट सुटून घरी गेलो. लताच्या पंपाचा आकार रिकामा होता आणि तक्त्यात लालमध्ये टिंब. मला ठेवलं होतं त्याच हॉस्पिटलात तसाच आलो."

त्यांच्या हातात तो तक्ता होता. टिंब जरा फराटलेलं, पण बरोबर एकशे तीसवर. श्वास मिळत नसताना ही बाई पेन शोधून टिंब देऊन निघाली होती.

"अहो लताबाई," माझा आवाज चढलाच, "जीव चालला होता आणि टिंब कसलं देत बसलात?"

त्यांनी मास्क जरासा बाजूला केला. "नोंद नसली तर काम झालंच नाय ना, मॅडम. हे संध्याकाळी बघतात."

पगारेंनी खिशातून पेन काढलं. दिवसाला शंभर सह्या करणारा माणूस, पण तक्ता हवेतच धरला होता, पेन कागदावर टेकेना. लताबाईंनी सलाईन लावलेला हात पुढे केला आणि कागदाखाली आधाराला धरला. मग पगारेंनी सही केली, शेजारी तारीख टाकली, वेळ टाकली.