नानांच्या हॉलमधला पत्र्याचा आवाज

गेली बावीस वर्षं परळीत माझं टीव्ही-स्पीकरचं दुकान आहे. आवाज कुठून येतोय ते हुडकणं हाच माझा धंदा. खरखर असली की कुठंतरी वायर सैल असते, घूंऽ असा आवाज असला की अर्थिंग खराब असतं. टीव्ही आपोआप चालू होतो म्हणून देवऋषीला बोलावणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडं शेवटी सोफ्याच्या फटीत रिमोट दबलेला निघाला होता. सांगायचं एवढंच, की असल्या गोष्टींवर माझा कवडीचा विश्वास नव्हता, आणि मानणाऱ्यांची मी चेष्टाच करायचो. हे लिहू का नको करत सहा महिने गेले. बायको म्हणाली, लिहा, पण स्वतःला वगळून लिहू नका. म्हणून सगळं लिहितोय. नावं तेवढी बदलली आहेत.

सिरसाळ्यात माझी थोरली बहीण राहायची. आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मुलगा विठ्ठल, सून आणि दोन म्हशी. मागं परसात पत्र्याची न्हाणी — तीन बाजूंनी पत्रे, वरून उघडी, खाली शहाबादी फरशी. न्हाणीच्या पलीकडं विटांची भिंत आणि भिंतीपलीकडं नानांचा बंगला. नाना म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. चाळीस एकर ऊस, दारात दोन ट्रॅक्टर, पुढाऱ्यांत ऊठबस. त्यांच्या हॉलची मागची खिडकी बरोबर अक्काच्या परसाकडं उघडायची.

त्या हॉलमध्ये पहिलं होम थिएटर बसवलं ते मीच.

नाना दुपारी जेवण झालं की पिक्चर लावायचे. अक्काच्या मांडणीवरची भांडी थरथरायची, म्हशी पान्हा चोरायच्या. मग अक्का परसात जायची आणि हातातल्या पितळी तांब्यानं न्हाणीचा पत्रा वाजवायची. टण्, टण्, टण्. सुरुवातीला नाना आवाज कमी करायचे. मग अक्कानं ग्रामपंचायतीत तक्रार केली, चारचौघांत बोलाचाली झाली, आणि तिथून नानांनी उलटंच धरलं. पत्रा वाजला की मुद्दाम आवाज वाढवायचा.

मागच्या वर्षी वैशाखात विठ्ठल आणि सून लग्नाला धर्मापुरीला गेलते. अक्का म्हशींसाठी मागं राहिली. दुपारी बाराच्या सुमाराला ती न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. वरून ऊन, तिन्ही बाजूंनी तापलेला पत्रा. विठ्ठल सहा वाजता परत आला तेव्हा ती सापडली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिला नेलं. मी उशाशी बसलो होतो. ओठ फुटलेले, आवाज नुसता वारा.

"बाळू, मी पत्रा वाजविला रे. लई वाजविला."

"बोलू नको अक्का."

"त्यानं आवाज वाढविला."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

नाना मातीला आले होते. पांढरेशुभ्र कपडे, हात जोडलेले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लई वाईट झालं बाळू. अक्का आमाला घरच्यासारखी व्हती." मी तो हात झटकला नाही. एवढ्या लोकांत काय बोलणार? पण त्या हाताचं वजन मला पुढं कित्येक दिवस खांद्यावर जाणवत होतं. विठ्ठलनं दिवस झाल्यावर न्हाणी पाडली, पत्रे भंगारात घातले. परसात उरली ती फक्त फरशी.

दिवाळीनंतर एक दिवस नानांचा फोन आला. "बाळू, ह्या सेटमधी कायतरी वाजतंय बे. परळीचे दोन मेकॅनिक येऊन गेले, कुणाला सापडंना. तूच ये."

मी लगेच हो म्हणालो. का, ते स्पष्टच सांगतो. मला तो सेट जाळायचा होता. आत काय करायचं ते मला बरोबर माहीत होतं. दोन दिवसांनी अॅम्प्लिफायरसकट सगळे स्पीकर उडाले असते आणि कुणाला संशयही आला नसता. बहिणीसाठी दुसरं काही जमलं नव्हतं, निदान एवढं.

दुपारी तीनला पोचलो. नाना सोफ्यावर, काकू — म्हणजे त्यांची बायको — दाराशी उभ्या. गाणं लावलं. कमी आवाजात सगळं ठीक. निम्म्याच्या वर नेला, आणि...

टण्... टण्... टण्.

मग गॅप. मग पुन्हा तीन.

स्पीकर फाटला की फर्र वाजतो. वायर सैल असली की खरखरतं. हे तसलं नव्हतं. हे पितळ पत्र्यावर आपटत होतं, आणि आपटल्यावर पत्रा थरथरतो ना, ती थरथरसुद्धा मागं ऐकू येत होती. मी एकेक स्पीकर काढत गेलो. जो उरेल त्यातून आवाज. पेन ड्राइव्ह बदलला, मोबाईल जोडला. तेच. खिडकीतून बाहेर पाहिलं. परसात रिकामी फरशी, तिच्या कडेनं उगवलेलं गवत.

"काय हाय हे?" नानांनी विचारलं. विचारताना खिडकीकडं मात्र बघत नव्हते. मला तिथंच कळलं — या माणसाला पक्कं ठाऊक आहे काय आहे ते. आणि त्याच क्षणी सेट जाळायचा बेत मी सोडला. जाळला असता तर नाना सुटले असते.

"नाना, सेट जुना झाला. आवाजात घाण लई हाय. नवा अॅम्प टाकू, मोठे स्पीकर, जाड तांब्याच्या वायरी, अर्थिंगचा वेगळा खड्डा घेऊ. भिंतींना फोम लावू. आवाज मोठा बी होईल अन् साफ बी."

"मग हे जाईल?"

"साफ होईल," मी म्हणालो.

चार दिवस काम चाललं. इतकं मन लावून मी आयुष्यात कुणाचं काम केलं नव्हतं. एकेक जोड सोल्डरिंगचा डाग देऊन पक्का केला. वायर विजेच्या लाइनपासून हातभर लांबून नेली. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ स्वतः भरलं. हॉलमध्ये टाळी वाजवली तर घुमायची नाही, असा फोम बसवला. नाना येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, "बाळू जीव लावून काम करायलाय." मी हसायचो.

शेवटी सेटिंग राहिलं. नव्या अॅम्पबरोबर एक छोटा माइक येतो. तो सोफ्याच्या जागी ठेवायचा. अॅम्प एकेका स्पीकरमधून टुंई असा आवाज सोडतो आणि कोणता स्पीकर किती लांब आहे ते स्वतः मोजून टीव्हीवर दाखवतो. सगळ्यांना बाहेर काढलं, पंखे बंद केले. आकडे आले. पुढचे दोन नऊ फूट, मधला दहा, मागचा उजवा सात. मागचा डावा — अडतीस फूट.

हॉलच मुळात वीस फुटांचा. मी पुन्हा लावलं. अडतीस. स्पीकर बदलला, वायर बदलली. अडतीस. मग टेप काढला, माइकपासून धरला, खिडकीतून बाहेर सोडला आणि मागच्या दारानं जाऊन भिंतीवरून पलीकडं ओढला. अडतीसावा फूट बरोबर त्या शहाबादी फरशीवर आला.

अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोलू, भीतीपेक्षा मला आनंद झाला. अक्का, आलीस तू, असं मनात म्हणालो. आता बघ.

मी नानांना आणि काकूंना आत बोलावलं, नानांना मधोमध बसवलं, रिमोट हातात दिला. कमी आवाजात गाणं एवढं स्वच्छ वाजत होतं, की गाणारीनं मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यावा. नाना खूश झाले. "गेलं बे! गेलं!" म्हणत आवाज वाढवला.

टण्. टण्. टण्.

आता घाण नव्हती ना त्यात. त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. पत्र्यावर तांब्या आपटल्यावर बांगड्या किणकिणत होत्या. हात खाली पडल्याचा आवाज येत होता. मध्ये एक कण्हणं, मग पुन्हा तांब्या. काकू स्पीकरजवळ जाऊन कान देऊन ऐकू लागल्या. नाना रिमोट दाबायला लागले तसा मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

"कावून कमी करता नाना? आता तर साफ येतंय." मी आवाज वाढवला. "ऐका."

"आवं, ही अक्का हाय," काकू म्हणाल्या. "ह्या तिच्या बांगड्या हायेत. आवं, काय केलंय तुमी?"

आता नाना खिडकीकडं बघत म्हणाले, "मला वाटलं नेहमीसारखी कुरकुर करायली. पावणे बसलते. त्यांच्यासमोर... मी वाढविला. मला काय ठावं ती पडलीय?"

"किती येळा वाजला पत्रा?" मी विचारलं.

"लई येळा."

"एकदा उठून खिडकीतून बघायचं."

सहा फुटांचा माणूस, सोफ्यात पार गोळा झाला होता. तो चेहरा पाहून माझ्या काळजाला गार वाटलं. मी आवाज अजून वाढवला. शेवटच्या आकड्यापर्यंत नेला. वाटत होतं, हा माणूस इथंच संपला तरी चालेल.

आणि तेव्हा पत्रा थांबला. गाणंही थांबलं. मागच्या डाव्या स्पीकरमधून, अगदी साफ, आवाज आला —

"बाळू..."

मी एकट्यानं ऐकलं नाही. काकूंनी झटकन माझ्याकडं पाहिलं. नानांनीही.

"बाळू... तुला तर सकाळीच सांगितलं व्हतं."

आता जे मी वर लिहिलं नाही ते लिहितो. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता अक्काचा मला फोन आला होता. विठ्ठल लग्नाला गेला, नानांकडं पावणे आलेत, सकाळपासूनच पिक्चर चालू हाय, डोकं फुटायलंय. तू सांग त्यांना, तुझं ऐकतेत ते. मी म्हणालो, हो, सांगतो. आणि सांगितलं नाही. नानांच्या साडूचं मंगल कार्यालय व्हायचं होतं, तिथलं साउंडचं काम नाना मला देणार होते. म्हटलं, कशाला वाईट व्हायचं, पिक्चर काय दोन तासांत संपंल. त्या फोनबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोला नाही, विठ्ठललाही नाही. ते फक्त मला माहीत होतं आणि अक्काला.

मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. टीव्ही गेला, अॅम्पचा दिवा गेला. तरी त्या स्पीकरमधून एक लांब श्वास आला. मग काही नाही.

नाना माझ्याकडं बघत होते. "सकाळी? तुला सकाळी सांगितलं व्हतं तिनं?"

मी मान डोलावली.

"मग मला एक फोन कावून न्हाई केला बे? मी कमी केला असता."

खरंच केला असता की नाही, देव जाणे. पण फोन मी केला नव्हता, हे खरं. चार दिवस ज्याच्यासाठी खड्डा खणत होतो, त्यानंच मला त्यात उभं केलं होतं.

नानांच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून मी तसाच भिंतीला वळसा घालून विठ्ठलकडं गेलो. तो ओट्यावर म्हशीचं दावं वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, फोनसकट. त्याचे हात थांबले नाहीत. दावं पुरं वळून झाल्यावर म्हणाला, "मामा, ते मशीन तिथून उचल."

"उचलतो."

"अन् तुझ्या घरात बसव. रोज लाव. माझी माय तुला काय म्हणती ते ऐकत बस."

बस्स, एवढंच. त्यानंतर तो माझ्या घरी आलेला नाही. माझा फोनही घेत नाही.

नानांनी सगळा सेट काही न बोलता नेऊ दिला. त्यांनी हॉलला कुलूप घातलंय आणि ते शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. काकू सांगत होत्या, तिथं साधा मोबाईलसुद्धा वाजू देत नाहीत. चिमणी पत्र्यावर उतरली तरी उठून बाहेर बघून येतात.

सेट माझ्या घरी बसवलाय, तोच, तसाच. माइक लावून मोजलं, सगळे आकडे बरोबर आले. लातूरच्या एका जाणकार इंजिनिअरला सगळी हकिगत सांगितली. तो म्हणाला, पत्रा कुठंतरी घुमत असणार. म्हटलं, पत्रे तर भंगारात गेलते. मग म्हणाला, अडतीस फूट ही सॉफ्टवेअरची चूक. असेल. म्हटलं, आणि माझं नाव? तिघांनी ऐकलं. त्यावर तो चहा पिऊन गेला.

रोज दुपारी दोनला दुकान बंद करून मी घरी येतो, दारं-खिडक्या लावतो आणि आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेतो. सहा महिने झाले. गाणं वाजतं, स्वच्छ, काचेसारखं. त्याच्याखाली काही नाही. पत्रा नाही, बांगडी नाही, माझं नाव नाही. मी कान लावून बसतो, बायको आतून बघत असते.

जे झालं त्याचा उलगडा मला झालेला नाही. तुमच्यापैकी कुणाला होत असेल तर तो मला सांगू नका. मला तिच्या शिव्या ऐकायच्या आहेत.