टेलरमास्तरांचं हसू

दोरीवरचे अर्धेच कपडे काढून झालेत. उरलेल्या तीन काळ्या पँटी तशाच सोडून वही घेऊन बसले. आजचं आजच लिहायला हवं.

हे चाळीस वर्षं घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवतात. गल्लीत यांना शिलाईपेक्षा हसण्यावरून ओळखायचे, असं सातमजली हसणं. मागच्या वर्षी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पोटावर मोठा छेद घेऊन. देवाच्या दयेने कॅन्सर गेला, पण खोकलं, वाकलं, हसलं की लघवी ठिबकायची. आत पॅड, वर काळी पँट, आणि हसणं कायमचं बंद. घर कसं सुनं सुनं झालं.

डॉक्टरांनी आतले स्नायू आवळायचा व्यायाम दिला. रोज सकाळी मी जपाची माळ ओढते आणि हे मण्यामण्याला आवळतात, सोडतात. देव रागावला नसावा. नवरा-बायकोचं बाकी पूर्वीसारखं नाही. ते आमचं आम्ही बघतो. झोपताना हात हातात असतो.

यांचे मित्र न्हावीभाऊजी. त्यांचं ऑपरेशन तेच, महिनाही तोच, पण रोबोटने, बारीक भोकं पाडून. लवकर घरी आले आणि तेव्हापासून नुसता तोरा. "वहिनी, मी पंधराव्या दिवशी खडखडीत कोरडा! मास्तरांनी उगाच फाडून घेतलं." हे ऐकून यांची मान खाली जायची.

आज भाऊजी पँटीचं माप द्यायला आले. यांनी टेप कमरेला लावला, मग मागे सीटवर. थांबले. पुन्हा लावला. मापांची जुनी वही काढली.

"कंबर तीच आणि सीट दीड इंच वाढली?"

"वय झालं, मास्तर."

"वय असं एकाच जागी जाऊन बसत नाही. पॅड लावतोस ना अजून?"

भाऊजी माझ्याकडे बघून लाल झाले. "एकच रे! गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरलाय आणि शिंक आली, तर मी काय सांभाळू?"

"म्हणजे रोबोटलाही घाम फुटला म्हणायचा!" हे म्हणाले, आणि हसत सुटले. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भाऊजीही पोट धरून खाली बसले.

मग हे हसता हसता थबकले आणि मोरीत गेले. माझ्या हातातला चहा निवला. देवा, म्हटलं, आता पुन्हा मुकं करू नकोस यांना.

दार उघडलं. "अगं, कोरडं! टिपूससुद्धा नाही!"

"अहो, हळू. गल्ली ऐकतेय."

"ऐकू दे की!"

यांनी माळेवरचा व्यायाम सांगितला, तशी भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती माळ मलाही शिकवा." उद्या सकाळी सहाला बोलावलंय. उशीर केला तर दार उघडणार नाही, असंही सांगितलंय.

आणि हे आत्ताच बाहेर पडलेत, कापडाच्या दुकानातून स्वतःच्या पँटीसाठी फिकट बदामी कापड आणायला.