कोऱ्या फळ्याचं वाचन

तमाम कोल्हापूरकरांना कळवण्यात येते की, कोरा फळा घडाघडा वाचून दाखवणारी या शहरातली पहिली आणि शेवटची विदुषी मीच. तेव्हा सातवीत होते. साक्षीला अख्खा वर्ग होता.

मला फळा म्हणजे भिंतीवरचा काळा डाग. चष्म्याचं नाव काढलं की आई म्हणायची, "चष्मेवालीला कोण पदरात घेणार?" पुढचे बाक वकील-डॉक्टरांच्या मुलींचे. आमचं दुधाचं घर. अंगाला म्हशीचा वास येतो म्हणून मी शेवटच्या बाकावर. शेजारची शांती फळ्यावरचं कानात पुटपुटायची. ते मी पाठ करायची आणि वाचल्याचं सोंग आणायची. सोंग झकास जमायचं.

त्या दिवशी बाईंनी कविता लिहिली, मुलींनी उतरवून घेतली. मग बाईंनी गुपचूप फळा पुसला आणि मला उभं केलं. "वाच."

शांती चिमटे काढत होती. मला वाटलं, शाबासकी देतेय. मी वाचलं. बोट नाचवत, ओळीओळीला थांबत. आधी खसखस पिकली. मग हशा.

"बघा गं, पुसलेलंसुद्धा हिला दिसतं!" बाई म्हणाल्या. "हिच्यापेक्षा हिच्या म्हशीला शिकवलेलं बरं."

वर्ग हसला. आणि मीही हसले. बाईंचं बोलणं केव्हाच पचलं. माझं ते हसणं अजून घशात अडकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धार काढत होती. मी बघत बसले. एका म्हशीला पुढ्यात पेंडीचं आंबोण लागायचं, एकीला रेडकू, एकीला आईचा नुसता आवाज. आई प्रत्येकीला तिचं तिचं द्यायची. पान्हा सोडत नाही म्हणून कुठल्या म्हशीला तिनं कधी ढ म्हटलं नाही.

म्हणजे गोठ्यात जे म्हशीला मिळतं, ते वर्गात मला नाही.

शाळेत बाई गणित लिहू लागल्या. मुकाट्यानंच. मी उठले, पुढं गेले, फळ्याला नाक लावून उभी राहिले.

"जागेवर जा."

"न्हाय जाणार. लिव्हताना मोठ्यानं वाचा, मग जाते."

"शाळेतून नाव काढून टाकीन!"

"काढा की."

सोंग संपलं होतं. दिसत नाही तर दिसत नाही म्हणायचं. आपल्याला हसणाऱ्यांत आपण मिसळायचं नाही, कधीच. मी हलले नाही.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, पहिल्या बाकावरची वकिलांची मुलगी किंचाळली,

"बाई, आम्हाला काहीच दिसत नाहीये!"