हौसामावशी आणि काळजातली लाईट

हौसामावशीच्या घरी जायचं तर फाटकापासूनच खोकत जावं लागे. आतून "कोन हाय?" असं येईपर्यंत उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचं. कडी वाजवायची नाही, बेल तर नव्हतीच. घरात गजराचं घड्याळ नाही, शिटीचा कुकर नाही, मोबाइल कायमचा मुका. गॅसची टाकी आणणारा माणूस तर लांबूनच गाणं म्हणत येई. त्याचा गळा इतका बेसूर होता, की मावशी म्हणे, "ह्याच्या गान्यानं मरन आलं तर येऊ दे, पन दचकून न्हाई यायचं."

नवख्याला वाटे, बाई तऱ्हेवाईक आहे. तऱ्हेवाईक ती होतीच, पण या नियमांमागे कारण होतं. एकाएकी मोठा आवाज झाला की तिच्या हृदयाचा ठोका भरकटे आणि ती उभ्याची आडवी होई.

हौसामावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. ठेंगणी, गोल, कपाळाला रुपयाएवढं कुंकू आणि तोंडाला सुट्टी म्हणून नाही. कार्ल्याला लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिची भज्यांची गाडी होती. काका भातशेती बघत आणि मावशी गाडीवरून जगाकडे बघे. शनिवार-रविवारी मुंबईकरांची झुंबड उडाली, की एका हाताने कांदाभजी सोडत दुसऱ्या हाताने ती गर्दीला वळण लावी. "ए जीन्सवाल्या, रांगेत ये. भूक समद्यांना सारकीच लागती."

लहानपणापासून तिला चक्कर येई. शाळेची घंटा झाली, कुणी मागून हाक मारली, की पडलीच. लोक म्हणत, फिट आहे. कुणी कांदा हुंगवी, कुणी चप्पल. त्याबद्दल ती पुढे हसत सांगे, "जल्मात जेवडी पायतानं घातली न्हाईत, तेवडी मी हुंगलीत." फिटच्या गोळ्याही तिने वर्षानुवर्षं खाल्ल्या. गुण काहीच नव्हता, पण दुसरं काही सांगणारंही कुणी भेटलं नव्हतं.

माझी आई मात्र कधी पडली नव्हती. मी दहावीत असताना एका सकाळी तिच्या उशाशी गजर वाजत राहिला आणि ती उठलीच नाही. झोपेत हार्ट अ‍ॅटॅक आला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. त्या सुट्टीत मावशीने मला कार्ल्याला नेलं, केसांना तेल चोपडलं, खाऊपिऊ घातलं आणि गाडीवर कांदे चिरायला बसवलं. "आता रडलीस तरी कुनाला कळायचं न्हाई," म्हणाली. मी मनसोक्त कांदे चिरले.

खरं कारण कळलं ते खूप वर्षांनी, मावशीच्या लेकीमुळे. वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ दोनेक महिन्यांचं झालेलं. सकाळी ती बाळाजवळ डोळा लागून पडली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली; तेव्हा घरात अजून कुकर होता. वैशाली दचकून उठली आणि बाजेवरच कोसळली. मिनिटभराने शुद्धीवर आली, पण ओठ निळे पडले होते. मावशीला वाटलं, आपली फिट लेकीला लागली. या वेळी मात्र तिने कांदा आणला नाही, चप्पलही आणली नाही. शेजाऱ्याची गाडी काढायला लावली.

तळेगावहून पुण्याला पाठवलं. मी तळेगावात नोकरीला, म्हणून सोबत गेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी वैशालीच्या छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणी अचानक गेलंय का?"

मावशी म्हणाली, "अचानकच जात्यात की समदी. सांगून कोन जातंय?"

बाईंना हसू आलं. मग त्यांनी मावशीचीही पट्टी काढली आणि सोपं करून सांगितलं. हृदयाचा ठोका विजेवर चालतो. प्रत्येक ठोक्यानंतर ती वीज पुन्हा भरते. तुमच्या घराण्यात ती भरायला जरा जास्त वेळ लागतो. नेमक्या त्याच वेळी माणूस दचकला, की ठोका भरकटतो. बहुतेकदा आपोआप ताळ्यावर येतो. कधी येत नाही. हा दोष आईबापांकडून मुलांकडे येतो.

"म्हंजी आमची लाईट जाती," मावशी म्हणाली. "लोकांची जाती ती घरातली, आमची जाती ती काळजातली." मग एकदम थांबली. "मंग बाई, माजी सुमी? ती गजर लावून निजलीती."

सुमी म्हणजे माझी आई. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तसंच झालं असणार." बाहेरच्या बाकावर बसून मावशी पदर तोंडाला लावून रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते. थोड्या वेळाने नाक पुसून उठली. "चल आत. वैशालीच्या गोळ्या अंगावर पाजताना चालत्यात का, इचारायचं राह्यलं."

माझी पट्टीही तशीच निघाली.

त्यानंतर मी जी घाबरले, ती विचारू नका. रजा टाकली. जिना चढायचं सोडलं. दिवसभर गादीवर पडून मनगट धरायचं आणि नाडी चाचपायची. गोळ्यांनी अंग जड होई, हातपाय गार पडत, त्याचीही भीती वाटे. माझ्या नवऱ्याने समजावून पाहिलं, रागावून पाहिलं आणि शेवटी कार्ल्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मावशी कपड्यांची पिशवी घेऊन दारात हजर. फाटकापासून खोकत आली होती.

"नाडी धरून बसलीस व्हय? चोरावर पाळत ठेवल्यावानी?"

"मावशी, थांबली तर?"

"थांबली तर तुला कळायचं हाय का? मंग कशापायी राखन करतीस?"

आठवडाभर राहिली. रोज सकाळी मला बाहेर काढी. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग तळ्यापर्यंत. "डाक्टरीनबाई चाल म्हनली हाय, पळ म्हनली न्हाई." गोळ्यांच्या सुस्तीवर तिचं उत्तर ठरलेलं होतं: "गोळी घेतली की मी म्हशीवानी व्हती. म्हशीला कदी दचकलेली बगितलीस?" आणि एकदा तळ्याच्या कठड्यावर बसून म्हणाली, "बाय, असं भीत जगायचं म्हंजी यष्टीत मागच्या शिटावर बसून बिरेक दाबायचा. गाडी चालिवतोय डायवर आन् घाम तुला."

पुढच्या सोमवारी मी कामावर गेले. भीती गेली नव्हती. आजही गेलेली नाही, पण ती मागच्या सीटवर बसून असते.

यानंतर मावशीने माहेरची सगळी भावकी गाठायची ठरवली. कामशेतच्या पुढे, पवनेच्या बाजूला तिचं माहेर. चुलतभाऊ, पुतणे, नाती, एकेकाला धरून तिने पट्टी काढायला पाठवलं. अडून बसला तो सख्खा धाकटा भाऊ, दगडूमामा. बैलगाडा शर्यतीचा नादी, मिशीवाला, आवाज घाटात बैल हाकल्यासारखा. त्याला दोन मुली उजवायच्या होत्या.

"आक्का, गावभर बोंब मारतीस. घरान्यात खोट हाय म्हनल्यावर माज्या पोरी कोन करंल?"

"आन् तू गेलास तर पोरी कोन उजविल?"

मामा उठून गोठ्यात गेला. दोन महिने बोलला नाही. मग भाऊबीज आली. मावशी न बोलावता गेली, मला घेऊन. पाट मांडला, मामाला बसवलं, ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली. मावशीने ती उचलून बाजूला ठेवली.

"साडी नगं मला. छातीची पट्टी घाल वोवाळनी."

"आक्का, सनाच्या दिशी..."

"दगड्या, एक बहीन माजी गजर वाजतावाजता गेली. भाऊ एकच उरलाय. ताट खाली ठेवनार न्हाई मी."

निरांजनाची वात फडफडत होती, ताट मावशीच्या हातातच होतं. मामी दारात डोळे पुसत होती. मामाने वातीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेव आता ताट. हात भाजंल." दिवाळी संपताच तो पट्टी काढायला आला. त्याच्या पट्टीतही तोच दोष निघाला. मुलींच्या पट्ट्या साफ होत्या, रक्ताच्या तपासण्याही.

थोरलीच्या लग्नाच्या बैठकीत मावशीने स्वतःच विषय काढला. मामा कासावीस. "आमच्या घरान्यात ह्ये असं असं हाय. पोरीला न्हाई, तपासून घेतलंया. आता तुमच्या घरान्यात काय काय हाय, ते सांगा." मुलाचे वडील गडबडले. आधी साखर निघाली, मग बीपी, मग चुलत्याची मूळव्याध. मावशीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चालंल आमाला." लग्न झोकात झालं. डीजे नव्हता, सनई होती.

मावशीला मात्र गोळ्या पुरेनात. दोनदा पडली. मग डॉक्टरांनी तिच्या गळ्याजवळच्या हाडाखाली काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. ठोका भरकटला की आतून विजेचा झटका देऊन तो ताळ्यावर आणायचं त्याचं काम. मावशीने त्याचं नाव ठेवलं सासू. "उरावर बसलीया. सरळ चाललं की गप, चुकलं की फटका."

तो फटका एका रविवारी बसला. गाडीवर गर्दी, शेजारच्या टपरीत फुटली सोड्याची बाटली. मावशी डोळे फिरवून मागे कलली आणि पुढच्याच क्षणी तिचं अंग उडालं. झारा रस्त्यापर्यंत गेला. गिऱ्हाइकं किंचाळली. मावशीने डोळे उघडले आणि काकांना म्हणाली, "बैलानं लाथ घातली गं बाई. गॅस बंद करा, भजी करपत्यात."

लोक हसले, तिलाही हसू आलं. पण त्यानंतर ती गाडीवर गेली नाही. मी भेटायला गेले तर ओसरीवर बसून होती. कपाळाचं कुंकू पुसट, हात छातीवर.

"मला भ्या वाटतंया गं," हळूच म्हणाली. "मरायचं न्हाई. पुन्हा लाथ बसंल त्याचं."

एवढ्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तिची एखादी म्हण तिलाच ऐकवावी, असं मनात आलं, पण धीर झाला नाही. शेजारी टेकले. मग म्हटलं, "मलाही वाटतं, मावशी. रोज." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "रोज? आन् तरी हापिसात जातीस?" "जाते." "आगं बाई," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. तशाच आम्ही संध्याकाळपर्यंत बसून होतो. डॉक्टरीणबाईंनी यंत्राचं सेटिंग तपासून दिलं, एका समुपदेशक बाईंकडेही पाठवलं. त्या बाईंचं वर्णन मावशीने एका वाक्यात केलं: "काय न्हाई, मलाच बोलू देती. पन लय मोकळं वाटतं." महिन्याभराने गाडी पुन्हा लागली. काकांनी सोडेवाल्याला पलीकडच्या वळणावर जागा बघून दिली.

पुढे बरीच वर्षं मावशी धडधाकट राहिली. भजी तळली, भांडणं मिटवली, वैशालीच्या मुलीची मुंज करायची म्हणून हट्ट धरला आणि भटजींना गप्प केलं. गेल्या थंडीत तिला खोकला धरला. साध्या खोकल्याचा न्यूमोनिया झाला. तळेगावच्या दवाखान्यात तिच्या उशाशी पडद्यावर ठोक्यांची हिरवी रेघ धावत होती. शेवटच्या दुपारी तिला बोलायलाही धाप लागत होती, पण नजर त्या रेघेवरच.

"काय म्हनतंय काळीज?" तिने नर्सला विचारलं.

"काळीज एकदम छान आहे, मावशी. तरण्या बाईसारखं."

मावशी हसली. हसताना खोकली, पुन्हा हसली. मला जवळ बोलावून म्हणाली, "बग. छातीतल्या कफानं चाललीया मी. आपल्या घरात दुसऱ्या कशानं तरी जानारी पैलीच."

मी बाहेर आले. दगडूमामा जिन्याच्या पायरीवर बसला होता. त्याला हे सांगितलं. त्याला आधी हसू फुटलं, मग त्याने मिशीवरून हात फिरवत तोंड भिंतीकडे केलं.