पाय पूर्वेकडे

आमच्यात माणूस पुरताना डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. प्रभू पूर्वेकडून येणार, कबरी उघडणार, आणि माणूस उठून बसला की त्याचं तोंड थेट प्रभूकडे असणार, म्हणून. दिग्रसला तेव्हा आमची ख्रिस्ती घरं जेमतेम नऊ होती, पण त्यातल्या शाळा न पाहिलेल्या म्हातारीलाही हे पाठ होतं. मला तर नीट बोलता येत नव्हतं तेव्हापासून माहीत होतं. आणि तरी मी माझ्या बापाला उलटा पुरला.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रांना तेल घालायचे. रोज पहाटे खाटेवर उठून बसायचे आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "उठलो बाप्पा! आजची तालीम झाली." शेजारपाजारचे हसायचे. पण बाबांचं ते खरंच असं होतं. एक दिवस मातीतून उठायचं आहे, तर रोजचं उठणं ही त्याची तालीम. त्यामुळे घरात राग घेऊन झोपायची सोय नव्हती. "तोंड फुगवून झोपली अन् उठलीच नाई तं? मंग त्या दिवशी प्रभूसमोर बी फुगलेलंच तोंड घेऊन बसशीन काय वं?" असं मला म्हणायचे. माय त्यांना सरळ अरे-तुरे करायची, दोघं दिवसभर कडाकडा भांडायची, आणि दिवा मालवायच्या आत भांडण मिटवायची. मी त्या दोघांचं फटकळ तोंड उचललं, मिटवणं मात्र नाही उचललं.

छप्पन साल उलटून दोन वर्षं झाली होती. श्रावणात बाबांना कावीळ झाली आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. मी सतरा वर्षांची होते. जिनिंगमधले सुतारकाका बाबांचे जिवलग. ते हिंदू, पण पेटी मीच करणार म्हणून अडून बसले. यंत्रं ज्या खोक्यांतून आली होती त्यांच्या फळ्या त्यांनी जोडल्या. साधी चौकोनी पेटी, दोन्ही टोकं सारखी. फक्त एका टोकाच्या फळीवर खोक्याचे काळे आकडे तसेच राहिले होते. बाबांचे पाय त्या बाजूला होते. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून सकाळभर मी पायाशी बसून ते आकडेच बघत होते.

झाकणावर मायनं काळं कापड ताणून पांढऱ्या फितीचा क्रूस शिवला होता. क्रूसाचा आखूड हात डोक्याकडे यायला हवा, म्हणजे खांदेकऱ्यांना बाजू कळते. झाकण घालायची वेळ आली तेव्हा बायकांनी मायला आत नेलं होतं. सुतारकाकांनी झाकण उचललं आणि मला विचारलं, "बेटा, असंच ना?" त्यांना आमची रीत कुठून माहीत असणार? मी न बघता म्हटलं, "हो." मला एवढंच वाटत होतं, की ते खिळे ठोकणं एकदाचं उरकावं.

कब्रस्तानात काळी माती, वरून पाऊस लागून राहिलेला. खड्ड्यात गुडघाभर पाणी, दोघं जण बादल्यांनी उपसत होते. यवतमाळहून आलेले पाद्रीसाहेब घाईघाईनं वाचत होते. चौघांनी क्रूस बघून पेटी फिरवली, दोर लावले, आणि पेटी खाली जाताना मला ते काळे आकडे दिसले. पश्चिमेला. म्हणजे पाय पश्चिमेला, डोकं पूर्वेला. मी तोंड उघडलं, तेवढ्यात एकाचा पाय घसरला, "सांभाळा, सांभाळा!" असा गलका झाला आणि पेटी पाण्यात धप्पकन बसली. माय माझा हात धरून पुटपुटत होती, "पाह्य, बरोबर पूर्वेले पाय ठेवले तुया बापाचे." मी मातीची मूठ टाकली. एका शब्दाचं काम होतं, तेवढं माझ्यानं झालं नाही.

तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका मायच्या बांगड्या फोडायला आल्या. तिनं हात मागे घेतला. "कायले? नवरा झोपला हाये माया. उठन तेव्हा काय भुंडे हात दाखवू त्याले?" बायका तोंडाला पदर लावून गेल्या. शेजारीण तेवढी मागे राहिली. त्यांच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला होता. ती म्हणाली, "आमच्यात तं आत्माच नाई म्हणतेत, अन् तुमच्यात हाडं बी उठतेत! काई समजत नाई माय. पण बांगड्या राहू दे तुया, चांगल्या दिसतेत."

माय जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागली. आणि दर रविवारी उपासना झाली की कबरीवर. तिथे पश्चिमेच्या टोकाला बसायची, मातीवर तळहात ठेवायची आणि आठवड्याचं सगळं सांगायची. कपाळ समजून ती हात फिरवायची, तिथे बाबांचे पाय होते. मला ते बघवायचं नाही. सांगितलं तर ही मोडून पडेल, नाही सांगितलं तर हे असंच जन्मभर. मी घरात उगाच खेकसू लागले. "काय झालं वं तुले? भुंकून कायले राह्यली? काय असंल ते सांगून मोकळी हो, तुया बाप काय म्हणे?" बाप काय म्हणे ते आठवायचं, आणि मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचे. आठ महिने मी फुगलेल्या तोंडानंच झोपले. रोज वाटायचं, आपण उद्या उठलोच नाही तर?

पुनरुत्थानाचा सण जवळ आला. गवंड्यानं सिमेंटचा क्रूस ओतून दिला होता, तो सणाच्या आदल्या दिवशी डोक्याशी पक्का बसवायचा होता. एकदा बसला की बसला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेहून आलो. माय तुरीची डाळ निवडत बसली. मी उभ्यानंच सांगून टाकलं. फळीवरचे आकडे, झाकण, सुतारकाका, माझं "हो", सगळं.

तिचे हात थांबले. "डोकं कोणत्या बाजूले?"

"पूर्वेले."

ती उठली आणि खाडकन माझ्या मुस्काटात मारली. मग कोपऱ्यातली कुदळ उचलली आणि अनवाणी निघाली. मी मागे रडत, "माय, नको ना वं!" भर दुपारचं ऊन. आम्हाला बघून उपासनेसाठी आलेले पाद्रीसाहेब आणि चार घरची माणसं धावत आली. तोवर माय कबरीवर उभी होती.

"बाई, कबर उघडायला सरकारी परवानगी लागते," पाद्रीसाहेब म्हणाले. "आणि देवाला कुठं दिशा लागते?"

"त्याले नसंल लागत. मले लागते."

तिनं पहिला घाव घातला. ढेकूळ फुटून माझ्या पायाशी आलं. आत आता काय असेल ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. तिला धरायची कुणाची छाती होईना. तिनं कुदळ पुन्हा उचलली, पण ती वरच राहिली. तशीच उभी राहून मला विचारलं, "असा उठला तं तोंड कुठं होईल त्याचं?"

मी पश्चिमेकडे बोट केलं. तिथे वाळल्या तरोट्याचं रान माजलेली मोकळी जागा होती. ती खूप वेळ तिकडे बघत राहिली. मग कुदळ तिथेच टाकून घरी गेली. गवंड्याला थांब म्हणून निरोप पाठवला. शनिवारभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

रविवारी सूर्य उगवायच्या आत आमची नऊ घरं मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात उभी राहिली, रीतीप्रमाणे सगळ्यांची तोंडं पूर्वेला. उजेड फुटला. पाद्रीसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" मायचा आवाज मला पाठीमागून आला. वळून बघते तर ती पश्चिमेकडे तोंड करून उभी. सगळ्यांसमोर ती बाबांच्या पायांपासून पावलं मोजत रानात शिरली आणि एक धोंडा ठेवला.

"हे जागा माई. कोणाले देऊ नका. माये पाय पूर्वेलेच करा, रीतीनं. तो उठला का तोंड हिकडं, मी उठली का तोंड तिकडं. समोरासमोर." मग माझ्याकडे बघितलं. "अन् पयले हेच सांगीन त्याले, का तुया पोट्टीनं तुले उलटा टाकला."

दोन दिवसांनी बोलली ती हे. मला हसू आलं की रडू, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "पण माय, प्रभू तं बाबाच्या पाठीमागून येईल."

"येऊ दे ना. मले तं दिसंल. मी सांगीन तुया बापाले, मागं पाह्य म्हून."

त्या रात्री आम्ही दोघी एका खाटेवर झोपलो.

नंतर मी शिक्षिका झाले. सोबतच्या बाया मला विचारायच्या, "का हो बाई, खरंच उठतात का तुमच्यात?" मी म्हणायचे, ते प्रभूला विचारा. पण तेव्हापासून मी कुणाशी अबोला धरून झोपले नाही, आणि माझ्यासारख्या फटकळ बाईला ते किती जड जातं हे मलाच ठाऊक.

साठ साल उलटल्यावर काही वर्षांनी माय गेली. सुतारकाका आता थकले होते, पण पेटी त्यांनीच केली. झाकण उचलून त्यांनी विचारलं, "बेटा, असंच ना?"

"थांबा काका," मी म्हटलं. तिचा चेहरा बघितला, मनगटावरच्या बांगड्या बघितल्या, पाय बघितले, पुन्हा चेहरा बघितला. क्रूसाच्या आखूड हातावर बोट ठेवून खात्री केली. मग म्हटलं, "हो, असंच."

धोंडा होता तिथेच खड्डा खणला होता. माय खाली गेली, पाय पूर्वेला, बाबांच्या पायांपासून हातभर अंतरावर. मूठ टाकताना मी मोठ्यानं म्हटलं, "माय, मागं पाह्य म्हून बाबाले सांगायचं विसरू नको."