थाळीवरचे वजन

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरे सांगायचे तर आजही ठेवावासा वाटत नाही. नोकरीभर इतरांनी लिहिलेले कायदेशीर मसुदे तपासले; स्वतःचे काही लिहून लोकांपुढे ठेवण्याची ही पहिलीच वेळ. चूकभूल सांभाळून घ्यावी.

आम्ही मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो — मी आणि माझी पत्नी नीला. हॉलला लागूनच स्वयंपाकघर. निवृत्तीनंतर मी एक जुना रेकॉर्ड-प्लेअर घेतला, तेव्हा नीला म्हणाली होती, "लोक गुडघेदुखी लावून घेतात, तुम्ही हे लावून घेतलंत. त्यापेक्षा बरं."

या यंत्रात मोटर एका रबरी पट्ट्याने रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरवते. थाळीच्या कडेला ठिपके असतात, त्यांवर एक बारीक दिवा. वेग अचूक असला की ठिपके जागच्या जागी स्थिर दिसतात. मंदावला की मागे सरकू लागतात. माझ्या काही रेकॉर्ड्स वाकलेल्या होत्या, म्हणून त्या दाबून धरण्यासाठी मध्यभागी ठेवायचे पितळी वजन मागवले. ते ठेवताच ठिपके मागे सरकू लागले, गाण्याचा सूर किंचित उतरला. यात गूढ काही नव्हते. जुनी मोटर, वाढलेला भार... इतकेच.

त्याच दुपारी नीला आतून म्हणाली, "अहो, छातीवर कुणी वरवंटा ठेवल्यासारखं वाटतंय." मी घाईने सुई उचलली, वजन काढून ठेवले आणि आत गेलो, तोवर ती सावरली होती. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो स्वच्छ आला; पित्त असेल म्हणाले. मात्र हा त्रास तिला पुन्हा झाला, आणि नंतरही होत राहिला — दर वेळी वजन थाळीवर असतानाच.

हा योगायोग आहे, हे मला स्वतःला पटवायचे होते. म्हणून एका सकाळी रेकॉर्ड न लावता, आवाज न करता नुसती थाळी सुरू केली आणि वजन ठेवले. नीला ओट्यापाशी दूध तापवत बहिणीशी फोनवर बोलत होती. तिला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

ठिपके सरकू लागले, आणि तिचा आवाज उतरला. जाड, ओढलेला, शब्दांमधली अंतरे वाढत चाललेली... मी इतका भांबावलो की वजन उचलण्याऐवजी मोटरच बंद केली.

"मंगल, तू रविवारी पुरण—"

थाळी थांबली. पुढचा शब्द आलाच नाही.

मी दारातून पाहिले. फोन कानाशी, ओठ अर्धवट उघडे, पापणीसुद्धा हलत नव्हती. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरत होते. फोनमधून मेहुणीचे "हॅलो, नीलाताई" ऐकू येत होते. मी धावत परत आलो, वजन ढकलून दिले, थाळी बोटाने फिरवली आणि मग कसेबसे बटण दाबले.

"—पोळी करणार होतीस ना?" आतून स्वच्छ आवाज आला. आणि मग, "अगंबाई, दूध गेलं. मी इथेच तर उभी होते."

त्याआधी थाळी रोज थांबत असे आणि नीलाला काही होत नसे, हे मलाही ठाऊक आहे. परंतु त्यानंतर एकदा वीज क्षणभर जाऊन फिरती थाळी मंदावली, तेव्हा ती चालता चालता थबकली आणि भिंतीवर कलली. मी लगेच इन्व्हर्टर बसवून घेतला. तेव्हापासून थाळी अखंड फिरते आहे. रेकॉर्ड नाही, वजन नाही. नीला हसते. "गाणं ना बजावणं, नुसतं काय फिरवत बसलाय?" यंत्र मोकळे व्हायला हवे, असे मी सांगतो. खरे सांगण्याचे धैर्य होत नाही.

मला याचे स्पष्टीकरण सापडलेले नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. काळजी वेगळीच आहे. सतत फिरून पट्टा सैल पडत चालला आहे. कालपासून ठिपके पुन्हा मागे सरकू लागले आहेत, आणि आज भाजी घेऊन आल्यावर नीला जिन्यातच बसली. म्हणाली, पाय जड झालेत.

नवा पट्टा मी आणून ठेवला आहे. तो बसवायचा तर थाळी काढावी लागते.

या विषयातले कोणी जाणकार हे वाचत असतील, तर कृपया एवढेच सांगावे — थाळी फिरती ठेवून पट्टा बदलता येतो का?